तोफ बसवलेला डोंगा

आमच्या भागातल्या बागेत हल्ली एक युद्धनौका उभी आहे. सिमेंटची. रंग करडा, पुढे भलीमोठी तोफ, मागे फायबरची दोन क्षेपणास्त्रं आणि सभोवती निळ्या टाइल्सचा हौद. उद्घाटनाला त्यात टँकरने पाणी भरलं होतं, ते आठवड्यात आटलं, आणि आता तिथे वेफर्सची रिकामी पाकिटं असतात. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघालात तरी रात्रभर गाडीत बसल्याशिवाय समुद्र दिसत नाही, त्यामुळे नौका कशी असते हे इथे कुणी कुणाला विचारत नाही. पोरं तोफेवर बसतात, त्यांच्या आया फोटो काढतात आणि सगळे खूश असतात. ही नौका माझ्या वडिलांच्या सन्मानार्थ उभी केली आहे असं अध्यक्ष अजूनही सांगतात. माझे वडील सकाळी फिरायला आता सक्करदऱ्याच्या तलावाकडे जातात. लांब पडतं, पण वाटेत बाग लागत नाही.

अध्यक्ष म्हणजे आमच्या सौंदर्यीकरण मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा धंदा लग्नाचे मांडव आणि स्टेज सजवण्याचा. त्यामुळे सुंदर कशाला म्हणायचं याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नसते. लांबून चमकतं ते सुंदर. याआधी त्यांनी चौकात थर्माकोलचे हंस बसवले होते. वादळात ते उडाले आणि एका हंसाची मान आमच्या गच्चीवर सापडली. ती परत न्यायलाही कुणी आलं नाही. हंसांनंतर देशभक्तीचा नंबर लागला. देशभक्तीसाठी एक माजी सैनिक हवा होता, तो जिवंत हवा होता आणि स्टेजच्या पायऱ्या चढू शकणारा हवा होता. माझ्या धाकट्या भावाने त्यांना सांगितलं की असा एक आमच्या घरीच आहे. माझ्या भावाला कुणी स्टार्चचा पांढरा शर्ट घातलेला माणूस घरी आला की आपली उंची वाढल्यासारखं वाटतं. स्वभाव आहे, काय करणार.

मग एका सकाळी अध्यक्ष चकचकीत कागदात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ घेऊन आले. वाकून बाबांच्या पाया पडले, पण डोळे आमच्या बैठकीच्या भिंतींवर फिरत होते. पदकं शोधत असावेत. तिथे कॅलेंडर आणि घड्याळ एवढंच आहे. त्यांनी बाबांकडे त्यांच्या युद्धनौकेचा फोटो मागितला, म्हणजे तशीच हुबेहूब करता येईल.

"युद्धनौका नाही गा," बाबा म्हणाले. "डोंगा होता. त्याच्यावर आमी तोफ बसवली होती."

अध्यक्ष मोठ्याने हसले. मोठ्या माणसांच्या नम्रतेवर हसायचं असतं, असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं.

डोंगा या शब्दाने मला शाळेतच छळलं आहे. आमच्याकडे नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, बकऱ्या नेणाऱ्या होडीला डोंगा म्हणतात. पुण्याकडून बदलून आलेल्या आमच्या वर्गशिक्षिकेला डोंगा म्हणजे फक्त पंगतीत भाजी वाढायचं भांडं ठाऊक. मी उभी राहून ऐटीत सांगितलं की माझे बाबा लढाईत डोंग्यावर होते. बाईंनी फार मायेने मला समजावलं की वाढप्याचं कामसुद्धा देशसेवाच असते आणि कुठलंही काम हलकं नसतं. वर्गातल्या मुली नागपूरच्याच, त्यांना डोंगा काय ते नीट माहीत होतं. पण बाईंच्या चुकीत मजा जास्त होती. पुढे दहावी होईपर्यंत मी वाढप्याची पोरगी होते. घरी येऊन रडले तर बाबा म्हणाले की भाजी वाढली असती तर बरंच झालं असतं, निदान कुणाचं पोट तरी भरलं असतं. हे असं बोलणारा बाप असला की मुलीने फुशारकी कशाच्या जोरावर मारायची?

आमचं घराणं कन्हानच्या काठचं. मासे धरणं आणि डोंगा हाकणं, एवढीच विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बाबा नौदलात गेले ते समुद्राच्या ओढीने नव्हे, पोहता येतं आणि तिकडे दोन वेळ जेवण मिळतं एवढ्यावर. तिथे ते इंजिनाचं काम शिकले. पुढे बांगलादेशची लढाई लागली आणि समुद्र बघायला गेलेल्या या माणसाला सरकारने परत नदीवरच पाठवलं. पूर्वेकडच्या त्या नद्यांना पलीकडचा काठच दिसत नाही, असं ते सांगतात. कन्हानला काठ दोन्ही बाजूंना आहेत आणि पाणी बहुतेक वाळूखाली, त्यामुळे आम्ही ते विश्वासानेच ऐकत आलो.

तो डोंगा म्हणजे प्रवासी फेरीबोट होती, लोखंडी, दोन मजली, वाफेवर नाही, तेलावर चालणारी. लढाई सुरू होण्याआधी तिचा सारंग ती निर्वासितांनी भरून सीमेच्या अलीकडे घेऊन आला. माणसं उतरली. बोट आपल्या लोकांनी ठेवून घेतली. वरचा मजला कापून काढला, बाकं उपटली, चहाचा ठेला होता तिथे तोफगोळे रचले आणि पुढच्या डेकवर, जिथे एरवी सायकली उभ्या राहायच्या, तिथे जाड लाकडं टाकून त्यावर तोफ बसवली. सुकाणूचं चाक असलेल्या खोलीभोवती चिलखत म्हणून तागाचे गठ्ठे लावले. झाली युद्धनौका. तिकिटाची खिडकी मात्र तशीच राहिली होती, आणि बोटीवर चढणाऱ्या अधिकाऱ्यालाही खलाशी त्या खिडकीतून तिकीट विचारायचे. तोफ उडाली की अख्खी बोट आडवी सरकायची, पत्रे कुरकुरायचे आणि सारंग वरून तोफवाल्यांना ओरडायचा की सगळे एका बाजूला जमू नका. आयुष्यभर तो उतारूंना हेच सांगत आला होता.

सारंग म्हणजे बोटीचा मुख्य चालक. कोकणात कुणालाही विचारा, सांगेल. बोट आपली झाली तरी त्या नदीतल्या वाळूच्या पट्ट्यांची माहिती आपल्याकडे कुणाला होती? म्हणून बोटीबरोबर सारंगही ठेवून घेतला. गणवेश नाही, नंबर नाही, कुठल्याच पटावर तो नव्हता. लुंगी, बनियन आणि गळ्यात मफलर. बाबा खाली इंजिनाजवळ, तो वर चाकाजवळ, आणि दोघांच्या मध्ये एक दोरी. ती ओढली की खाली घंटी वाजायची. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे, तीन म्हणजे मागे. भाषा दोघांची वेगळी, तेव्हा बोलणं बहुतेक त्या घंटीतूनच. बोटीवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ज्याचं जे गाव किंवा काम तीच त्याची हाक. सारंग बाबांना नागपूर म्हणायचा आणि बाबा त्याला सारंग म्हणायचे. वरून आवाज यायचा, नागपूर, चा खाबे? आणि नागपूर वर जाऊन चहा घ्यायचं.

सारंगाची एक खोड होती. कुठलाही घाट जवळ आला की हात आपोआप भोंग्याकडे जायचा. अधिकारी संतापायचे, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, युद्धनौका भोंगा वाजवत फिरू लागली तर शत्रूला वेगळं निमंत्रण कशाला द्यायचं? सारंगाचं म्हणणं असं की भोंगा न वाजवता घाटाला येते ती चोराची बोट. त्याला दम दिला, भोंग्याची दोरी बांधून ठेवली, तो ती सोडायचा. भोंगा ऐकून काठावर माणसं जमायची, गाठोडी घेऊन, कोंबड्या घेऊन, कारण त्यांच्या दृष्टीने ती नेहमीचीच फेरी होती. आणि बोट त्यांच्यासमोरून तोफ मिरवत निघून जायची. बाबा म्हणतात, ते लोक आम्हाला हात करायचे आणि सारंग खाली मान घालून चाक धरायचा.

एका सकाळी त्याने मान खाली घातली नाही. घाटावर गाव लोटलं होतं, मागून धूर निघत होता, आणि बोटीला हुकूम होता पुढे जायचा. सारंगाने कुणाला न विचारता चाक फिरवलं. अधिकारी ओरडत राहिले तोवर बोट घाटाला लागलीसुद्धा, आणि एकदा लागली म्हटल्यावर माणसं चढायची ती चढलीच. डेकवर इतकी गर्दी झाली की तोफेखाली बायका बसल्या, तोफेला धरून पोरं उभी राहिली. बोट निघाली तेव्हा काठावरून गोळ्या सुटल्या. तोफ फिरवायला जागा नव्हती आणि उडवली असती तर आपल्याच लोकांच्या कानाशी उडाली असती. तागाच्या गठ्ठ्यांच्या आड उभं राहिलं की पाणी दिसत नाही, म्हणून सारंग गठ्ठ्यांच्या बाहेर उभा होता. बाबांना खाली फक्त घंटी कळत होती. दोन. मग दोन. मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी पलीकडची वाळू बोटीच्या तळाला लागली तेव्हा एक घंटी वाजली. बाबांनी इंजिन बंद केलं आणि वर आले. सगळी माणसं उतरत होती. सारंग चाकाला टेकून बसला होता, दोरी हातात होती, आणि तो गेला होता.

त्याला त्याच वाळूवर पुरलं. खड्डा खणणाऱ्यांत बाबा होते. ती वाळू पुढच्या पुरात राहिली नसणार, हे नदीकाठी वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. बोटीच्या नावावर लढाईत काय जमा झालं ते मला ठाऊक नाही. बाबांच्या मते तोफ एरवी काठावरच्या झाडांवर उडाली आणि झाडांनी उत्तर दिलं नाही.

हे सगळं बाबांनी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष मधूनमधून मोबाईल बघत होते, तरी हुंकार बरोबर जागी देत होते. लग्नाच्या धंद्यात ही कला येतेच. सांगून झाल्यावर बाबांनी एक अट घातली. बाबांनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. सत्कार ते टाळत आले, प्रजासत्ताक दिनाला कुणी बोलावलं तर त्यांचा गुडघा दुखायला लागतो. पण या वेळी मागितलं. बागेत जो दगड लागेल त्यावर आधी सारंग हवा, मग वाटलं तर आपण.

"तो कोण्या कागदावर नाही," ते म्हणाले. "बोटीवरचे बाकीचे सारे गेले. मी गेलो का तोही गेला."

अध्यक्षांनी छातीला हात लावून शब्द दिला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना तो खरा वाटला असेल. मांडववाल्याला प्रत्येक लग्न टिकेल असंच वाटतं.

पुढे जे झालं ते फक्त नागपुरातच होऊ शकतं. आमच्याकडे सारंग म्हणजे कुणाच्या तरी इंजिनिअर मुलाचं नाव. बोटीवर असं काही पद असतं हे आमच्या मंडळातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि बाबांनी ते सांगितलं तेव्हा अध्यक्ष मोबाईलमध्ये असणार. भावाला फोन आला की सारंग यांचं आडनाव कळवा, आणि कोकणातले की इकडचे तेही. मंडळाच्या खजिनदारांनी तर तो आपल्याच समाजाचा असणार हे ठरवून टाकलं, कारण त्यांच्या साडूच्या मुलाचं नाव सारंग. समाजातर्फे हार घालायचीही त्यांनी तयारी दाखवली. दोन दिवसांत फ्लेक्सचा नमुना घरी आला. मोठ्या अक्षरांत 'वीर शहीद सारंगराव', खाली इंटरनेटवरून उचललेला एक मिशीवाला जवान, हिरव्या ठिपक्यांच्या गणवेशात, हातात आजकालची बंदूक, आणि मागे निळाशार समुद्र. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे तर पाणीच नव्हतं.

मी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून फ्लेक्स नीट पाहिला आणि भावाला म्हणाले, अध्यक्षाला बोलाव.

अध्यक्ष आले, खजिनदारही आले. बाबांनी त्यांना मुलांना सांगावं तसं सांगितलं की सारंग हे नाव नाही, काम आहे. जसा ड्रायव्हर, जसा मिस्त्री. माणूस पलीकडचा होता, बंगाली बोलायचा, आणि बोट उभी असली की टपावर चढून नमाज पढायचा. त्याचं खरं नाव आपल्याला ठाऊक नाही.

खजिनदारांनी चहाचा कप खाली ठेवला. अध्यक्ष माझ्या भावाकडे बघू लागले आणि माझा भाऊ पंख्याकडे. त्यांच्या तोंडावरून आधी धसका गेला आणि मग, मी स्वतः पाहिलं, सुटका. कारण बाबांनी त्यांना पळवाट आयती हातात दिली होती. माणूस अमुक धर्माचा म्हणून दगडावर घेत नाही, हे आमच्या भागात कुणी तोंडावर म्हणणार नाही, आम्ही सभ्य लोक आहोत. पण नाव नाही, हे म्हणता येतं.

"तसा काही विषय नाही काकाजी," अध्यक्ष म्हणाले. "फक्त नाव पायजे. नावच नसलं तर कोरायचं काय, तुमीच सांगा."

मी म्हटलं, 'एक सारंग' एवढंच कोरा. ते म्हणाले, अर्धवट दिसेल. मी म्हटलं, मग 'बोटीचा सारंग' कोरा. ते म्हणाले, लोक विचारतील बोटीचा म्हणजे काय. मी म्हटलं, लोकांनी आयुष्यात एकदा काही विचारलं तर तुमचं काय बिघडतं? भाऊ मला म्हणाला, ताई, तू मधात पडू नको. घरात कुणी चुकीचं वागत असलं की मधात पडायला बंदी फक्त बहिणीला असते. शेवटी अध्यक्ष 'बघतो, काहीतरी करतो' म्हणून उठले. बाबांना ते 'करतो' ऐकू आलं. मला फक्त 'बघतो' ऐकू आलं. पण मी गप्प बसले, कारण बाबा त्या दिवसापासून बरे दिसत होते, जेवत होते, उद्घाटनाला कुठला सदरा घालायचा ते विचारत होते.

उद्घाटनाच्या सकाळी बागेत तर्री-पोह्यांचा वास आणि लाउडस्पीकर. प्रमुख पाहुणे उशिरा आले, कारण वेळेवर येणारा पाहुणा प्रमुख नसतो. त्यांनी भाषणात आमच्या डोंग्याला शत्रूची जहाजं बुडवायला लावली. आधी दोन, मग टाळ्या पडल्या तशी आणखी. नदीचा त्यांनी महासागर करून टाकला. बाबा स्टेजवर मान तिरकी करून ऐकत होते. त्यांचा उजवा कान इंजिनाने कधीच नेलाय, त्यामुळे किती जहाजं बुडाली ते त्यांना बहुधा कळलं नाही. मग त्यांच्या खांद्यावर शाल घातली, फोटो झाले, शाल जरा सरळ करून पुन्हा फोटो झाले, आणि सगळे सिमेंटच्या नौकेपाशी दगडाचा पडदा ओढायला गेले.

काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं पाहुण्यांचं नाव. मग अध्यक्षांचं, मग खजिनदारांचं, मग बाकीच्या मंडळाचं, आणि सगळ्यात खाली 'प्रेरणास्थान' म्हणून बाबांचं. खोटं कशाला बोलू, ती अक्षरं पाहून माझा ऊर भरून आला. वाढप्याची पोरगी म्हणून ज्यांनी चिडवलं त्यातल्या दोघी तिथे पोहे खात उभ्या होत्या. मला वाटलं, बघा, डोळे फाडून बघा.

बाबा दगडाजवळ गेले. त्यांनी वरपासून वाचायला घेतलं, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. खालपर्यंत आले, पुन्हा वर गेले. दगडाची बाजूही पाहिली, तिकडे काही कोरलंय का म्हणून. मग त्यांनी अध्यक्षांना विचारलं की तो कुठे आहे.

अध्यक्षांच्या हातात माईक होता आणि तो चालू होता, हे ते विसरले असावेत. त्यामुळे त्यांची कुजबुज साऱ्या बागेने ऐकली. ते म्हणाले, "काकाजी, त्याचं नावच नव्हतं ना आपल्यापाशी."

"त्याचं नाव नव्हतं," बाबा म्हणाले. "नाव त्याची होती."

दोघं-तिघं हसले, म्हाताऱ्याने कोटी केली असं वाटून. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते अध्यक्षांशीच बोलत होते, आणि माईक अजून चालूच होता.

"आमी सारे त्याच्या नावेत बसलेले लोक होतो. तो नाही, तर माहं काहून लिहिलं?"

त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि ती दगडावर टाकली. वरची नावं मोठी होती, ती झाकली गेली नाहीत. शाल खालच्या भागावरच बसली, बाबांच्या ओळीवर. बाबांनी तिची टोकं दगडाच्या मागे खोचली, पक्की आहेत का ते ओढून पाहिलं, आणि मला म्हणाले, चाल वं. भाऊ मागून बाबा, बाबा करत राहिला. अध्यक्षांनी माईकवर सांगितलं की काकाजींना भावना अनावर झाल्या आहेत, सर्वांनी पोहे घेतल्याशिवाय जाऊ नये. फाटकातून वळून पाहिलं तेव्हा खजिनदार शाल काढून तिची घडी घालत होते.

मला बाबांचा अभिमान वाटत होता आणि त्यांचा रागही येत होता, दोन्ही इतके की कुठला आधी बोलून दाखवू ते कळेना. रस्त्यावर ऑटो मिळाला. बसल्यावर मी मंडळाचा उद्धार सुरू केला. अध्यक्षापासून खजिनदाराच्या साडूपर्यंत कुणालाही सोडलं नाही, आणि मला त्यात चांगली गती आहे. बाबा बाहेर बघत होते. मला वाटलं त्यांचा चांगला कान माझ्या बाजूला नाही, म्हणून मी वाकून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. उभ्या जन्मात मी ते पाहिलं नव्हतं.

"त्या लोकायले काय बोलतं," ते म्हणाले. "त्यायनं एकदा तरी विचारलं. मी रोज त्याच्या हातचा चहा पेलो अन् त्याले नाव नाही विचारलं."

मी म्हटलं, त्यानेही तुम्हाला विचारलं नव्हतं. बाबा म्हणाले, त्याच्या हाताशी नदी होती, माझ्या हाताशी वेळ होता.

सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा बाबा पुढे सरकले, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला विचारलं, "तुहं नाव काय गा, बाबू?"

तरुण माणूस होता. त्याने आरशातून आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कपाळाकडे. आमच्या शहरात आजकाल ऑटोवाल्याला नाव कशासाठी विचारतात ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मला वाटलं तो खोटं सांगेल, किंवा ऐकू न आल्यासारखं करेल. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तरी तो निघाला नाही. मग त्याने सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.

बाबांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी डावा कान पुढे केला आणि परत सांग म्हणाले. त्याने परत सांगितलं. बाबांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, उच्चार चुकला तो त्याच्याकडून दुरुस्त करून घेतला, आणि मग मागे टेकून बसले.